बाप्याच्या हातची चूल

आई, मी चूल घातली. माझ्या हातांनी, मातीची, अमेरिकेत. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून आधी पोटभर हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "आता या वयात हे कसले डोहाळे?" डोहाळेच म्हण. माणसाला जे वेळच्या वेळी मिळत नाही ते उतारवयात असं कुठून तरी उगवतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा मला आता फोटोतलाच आठवतो. पण तुझे हात एकाही फोटोत नाहीत आणि तेच लख्ख आठवतात. कोपरापर्यंत चिखल, बांगड्या वर सारलेल्या, आणि अंगठ्याने चुलीची कड अशी फिरवत आणायचीस जणू करंजीला मुरड घालते आहेस. तो अंगठा मला हवा होता. तो ताईला मिळाला. या पत्रात मी दुसरं काही सांगणार नाही, हेच फिरूनफिरून सांगणार आहे.

आमचं घर डेट्रॉइटच्या उत्तरेला, ट्रॉयमध्ये. घेतलं तेव्हापासून बैठकीच्या खोलीत एक फायरप्लेस होती, म्हणजे भिंतीत विटांची मोठी देवळी आणि तिच्यात ओंडके जाळायचे. दिसायला राजेशाही, पण बडा घर पोकळ वासा. कितीही लाकडं खाल्ली तरी धग सगळी धुराड्यातून आभाळाला, आणि जाताना खोलीतली उबदार हवाही ओढून नेणार. समोर बसलं की तोंड भाजायचं, पाठ गारठायची. तुझी सून दोन शाली पांघरून बसायची आणि म्हणायची, "हिला लाकडं घालण्यापेक्षा शेजाऱ्यांना वाटा, पुण्य तरी लागेल." मी ऐकून घ्यायचो. थंडीत बायको जे बोलते ते थंडी बोलते असं धरायचं.

निवृत्त झाल्यावर माणसाच्या हातांना खाज सुटते. मी काही शिकलेला इंजिनिअर नाही. लग्नानंतर मेहुण्याने इथे बोलावून घेतलं, मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहिलो आणि ड्रॉइंग वाचायला माझा मीच शिकलो. तर असंच एकदा फोनवर एक व्हिडिओ पाहिला. एका बाईने घरात विटामातीची शेगडी बांधली होती, रॉकेट मास हीटर म्हणतात तिला. एका टोकाला लहानसं तोंड, त्यात लाकडं उभी घालायची. जाळ मात्र आडवा पळतो, मग विटांच्या नळीतून घोंघावत वर चढतो, म्हणून रॉकेट. त्या नळीवर एक लोखंडी पिंप पालथं घातलेलं, ते तापतं. आणि उरलेला गरम धूर लगेच बाहेर न जाता मातीच्या लांब ओट्याच्या पोटातून, पाइपातून, फिरत फिरत शेवटी धुराड्याला लागतो. तोवर त्याच्यातली ऊब मातीने पिऊन टाकलेली असते. विस्तव विझला तरी ओटा कोमट, त्यावर बसावं, निजावं. मी ते पाहिलं आणि उडालोच. आई, हा तर आपला वैल! मोठ्या चुलीचा जाळ पुढे सरकून शेजारच्या वैलावर दूध तापतं ना, तसाच. फक्त हा वैल माणूस आडवा होईल एवढा लांब.

मग तुझी आठवण यायला किती वेळ लागणार? चुली घालायला तुला सगळी आळी बोलवायची. कुणाकडे लग्न निघालं, कुणाची सून वेगळी राहायला निघाली, की आधी तुला निरोप. तू गाळाची माती चाळून घ्यायचीस, तूस आणि घोड्याची लीद कालवून मुरत ठेवायचीस, आणि मग तुडवायला ताईला उभी करायचीस. मी आपल्या चुलीशेजारी पाटी घेऊन बसलेला असायचो. त्या चिखलाचा तो पचक-पचक आवाज! मला पाढे कसले सुचतात? एकदा उठलो, तुझं लक्ष नाही असं पाहून दोन्ही हात घातले आणि चुलीचा एक खूर, भांडं टेकायचा उंचवटा, थापायला लागलो. तू मनगट धरून मला उचललंस, बादलीत हात बुचकळून धुतलेस आणि म्हणालीस, "बाप्याचा हात लागला की चूल धुरकटते. जा, पाढे म्हण." मारलं नाहीस. मारलं असतंस तर विसरलो असतो. आणि त्याच दिवशी ताईने कड फिरवली ती तू लांबून, मान तिरकी करून पाहिलीस आणि म्हणालीस, "बसला गं तुझा हात." माझ्या आयुष्यात पुढे बक्षिसं मिळाली, कारखान्यात टाळ्या वाजल्या, पण ते चार शब्द मला कुणी म्हटले नाहीत. ताईला ते फुकट मिळाले आणि तिने वर बघितलंसुद्धा नाही, नाक पुसत राहिली.

असो. मी गेल्या उन्हाळ्यात फायरप्लेस फोडली. आधी सिटीच्या ऑफिसात जाऊन परवानगी काढली, त्यांचा माणूस येऊन धुराडं पाहून गेला, खोलीत धुराचे आणि विषारी वायूचे अलार्म लावायला लावले. जाताना विचारतो कसा, "सर, हॅव यू डन धिस बिफोर?" मी म्हटलं, "माय मदर डिड." खोटं नव्हतं. माती आमच्याच परसातली, इथली माती चिकट आहे, तुला आवडली असती. वाळू दुकानातून आणली, तुसाच्या जागी गव्हाचं काड बारीक कापून घातलं. ड्राइव्हवेवर ताडपत्री पसरली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरलो. आई, काय सांगू! थंडगार, मऊ, बोटांच्या फटींतून वर येणारा. पलीकडचा गोरा म्हातारा कुत्रं फिरवायला निघाला होता, तो थांबून बघतच राहिला. तुझी सून गॅरेजच्या दारातून ओरडली, "अहो, लोक बघतायत!" मी म्हटलं, "बघू देत. घरोघरी मातीच्या चुली असत्या तर कशाला बघितलं असतं?" त्या अख्ख्या उन्हाळ्यात मी एवढा सुखी होतो की मला कुणाचाच हेवा वाटत नव्हता. ताईचासुद्धा नाही.

आणि मग ताई आली. व्हिजिटर व्हिसावर, हिवाळाभर राहायला. मीच तिकीट काढलं होतं, मीच विमानतळावर आणायला गेलो, मिठी मारून मीच रडलो. तेही खरं आणि पुढचं सांगतो तेही खरं. ओटा बांधून झाला होता, वरचा हात तेवढा बाकी होता आणि वाळताना दोनचार भेगा पडल्या होत्या. ताई आली, स्वेटरच्या बाह्या वर केल्या, माझ्याच वाटीतला चिखल घेतला आणि अंगठ्याने त्या भेगा मिटवत गेली. कड फिरवली. तशीच, करंजीची मुरड. मी उभा राहून बघत होतो आणि माझ्या पोटात ऐन ऑक्टोबरात वणवा. तुझी सून म्हणते, "अगं बाई, वन्सं, काय हात आहे हो! आता कुठे याला रूप आलं." रूप आलं! म्हणजे मी उन्हाळाभर कुरूप बांधत होतो. तुझी नात शनिवारी आली, तिला ताईने सांगितलं, "हा वैल आहे गं, लांब वैल." लगेच पोरगी म्हणते, "ओह, दॅट मेक्स सो मच सेन्स, आत्या!" अगं, मी तिला जूनपासून हेच सांगत होतो. माझं सांगणं तिला बाबांचं लेक्चर, आत्याचं सांगणं ज्ञान. मग तिने फोटो काढला, मैत्रिणींना पाठवला, खाली काय लिहिलं? आत्याने बांधलेली चूल. मी म्हटलं, "बांधली मी." ती म्हणाली, "येस, येस, बाबा, यू हेल्प्ड."

हे नवं नाही, आई. तुला वाचता येत नव्हतं म्हणून मी इथून पाठवलेली पत्रं तुला ताईच वाचून दाखवायची. चौथीपर्यंतचं तिचं वाचन, अडखळत वाचायची म्हणे, आणि मधेमधे पदरचं घालायची. पहिल्यांदा गावी आलो तेव्हा तू माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणालीस, "ताईची किती काळजी करतोस रे, दर पत्रात चार ओळी तिच्यासाठी." मी ताईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती, मान खाली, गालात हसत होती. मी एक ओळही लिहिली नव्हती. माझं पत्र, माझी आई, आणि आवाज तिचा, वर काळजीही तिचीच. म्हटलं जाऊ दे, भावाबहिणीत हिशेब कसले? पण बघ, हिशेब राहिलाच.

पहिली मोठी थंडी पडली आणि मी चूल पेटवायचं ठरवलं. तुझ्या सुनेने हळदकुंकू वाहिलं, ताईने वाटीभर दूध पिंपावर ठेवलं, उतू घालायला. मी काडी लावली. आणि आई, धूर! जाळ आडवा पळायच्या ऐवजी तोंडातून उलटा वर आला, पांढरा ओलसर धूर, सगळी खोली भरली, अलार्म किंचाळायला लागले. मी धावत जाऊन लाकडं राखेत दाबली, तुझ्या सुनेने खिडक्या उघडल्या, तुझी नात खुर्चीवर चढून अलार्मला पेपरने वारा घालते आहे आणि म्हणते आहे, "बाबा, इज इट सपोज्ड टु डू धिस?" आणि ताई? ताईला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी, धुराचं का हसण्याचं कोण जाणे, आणि म्हणते, "आई म्हणायची ते काही खोटं नाही रे. बाप्याचा हात!" सगळे हसले. मीही हसलो. पण तू इतक्या वर्षांनी, इतक्या लांब येऊन माझं मनगट धरून मला उचललंस असं वाटलं. मनात आलं, आता ही मोडावी, परत फायरप्लेस करावी, गॅसची. बटण दाबलं की जाळ, कुणाचा हात लागायला नको.

दोन दिवस मी पाइप तपासले, धुराडं तपासलं, सगळं ठीक. ओढच नव्हती धुराला. रोज सकाळी मी इथल्या मॉलमध्ये चालायला जातो, आम्ही म्हातारे थंडीत तिथेच चकरा मारतो. त्या दिवशी चष्मा विसरलो म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आलो. दार उघडलं तर ताई ओट्यापाशी उकिडवी, शेजारी चिखलपाण्याची बादली, आणि फडकं पिळून आरामात पोतेरं फिरवते आहे. आली त्या दिवसापासून रोज फिरवत होती. मी परत येईपर्यंत वरचं वाळून जायचं म्हणून मला दिसलंच नव्हतं. सकाळी उठून चुलीला पोतेरं दिलं नाही तर तिला चहा गोड लागत नाही, आणि इथे तर एवढी मोठी चूल, म्हणजे बादलीभर. मी हात लावून पाहिला. ओटा माठासारखा गार. आतली माती वाळणार कशी? ओल्या, थंडगार मातीच्या पोटातून धूर पुढे सरकणार कसा? खिडक्यांच्या काचांवरून रोज पाणी ओघळत होतं ते मी हवेवर ढकलत होतो.

आई, मला जो आनंद झाला! धुराचं कारण सापडलं म्हणून नव्हे. चूक ताईची निघाली म्हणून. बाप्याचा हात नव्हता, बाईचं पोतेरं होतं. मी मोठ्याने बोललो, स्वयंपाकघरातून तुझी सून बाहेर येईल एवढ्या मोठ्याने. "ताई, ही गावची चूल नाही. हे टेक्निकल काम आहे. ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नये!" तिने फडकं पिळलं. मग उठली, बादली मोरीत रिकामी केली, हात धुतले. वरच्या खोलीतून तुझी नात जिना उतरून आली, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीसाठी ती घरीच होती. "व्हॉट हॅपन्ड?" तुझी सून मला म्हणाली, "झालं समाधान?" झालं होतं. तेच तर वाईट.

चहा झाला. ताईने बशीत ओतला, फुंकर घातली आणि कुणाकडे न बघता बोलायला लागली. "हात घालू नये म्हणतोस. मी कुठे घालायला गेले होते? आईने घातला माझा हात. पौषातलं गार पाणी, बोटं बधिर व्हायची, चिरा पडायच्या. तुडवून पाय दुखायचे. आणि तू बसलेला चुलीच्या उबेला, पाटी मांडीवर, पाठीला भिंत गरम. मी एकदा तुझ्याशेजारी टेकले तर आई म्हणाली, पोरीची जात उबेला बसली की अंगात आळस भरतो, ऊठ. मला काय वाटायचं सांगू? वाटायचं, तुझी मानगूट धरावी, तुला त्या चिखलात उभा करावा आणि तुझ्या जागेवर जाऊन बसावं. एकदाच. पाढे नाही आले तरी चालतील." मी म्हटलं, "तुला हात बसला म्हणाली होती ना आई?" ती म्हणाली, "म्हणाली असेल. मला थंडी आठवते." तुझ्या नातीने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाली, "सो यू टू वेअर जेलस ऑफ ईच अदर धिस होल टाइम? ओव्हर मड?" तुझी सून हसायला लागली. "एक चिखलासाठी रडतोय, एक चिखल नको म्हणून. तुमच्या आईने अदलाबदल केली असती तर दोघं सुखी झाली असती."

तेच तुला विचारायचं आहे. दोघांना दोन म्हणी देऊन तू मोकळी झालीस. एकीला ऊब वर्ज्य, एकाला माती वर्ज्य. तुझ्या आईने तुला दिल्या असतील, तू आमच्या पदरात टाकल्यास, मला कळतं. तुला तेव्हा पाहुण्याच्या ताटाला मीठ पुरेल का याची चिंता, पोरांच्या मनात काय धुमसतंय हे कुठून बघणार? रागावलो नाही. फक्त सांगतो आहे.

मग आम्ही चूल वाळवली. पोतेरं बंद. ताईने कबूल केलं, पण सकाळी तिचे हात नुसते शिवशिवायचे, म्हणून तुझ्या सुनेने तिला किचनचा ओटा पुसायला दिला. मी पंखा लावला, खिडकी किलकिली ठेवली, दिवसा खिडकीतलं ऊन आणि वर चार काटक्यांचा बारीक विस्तव, तान्ह्या बाळाला शेकतात तसा. काचा कोरड्या झाल्या. ओट्यावर हात ठेवला की गार लागेना. नाताळच्या आधी, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, पुन्हा लाकडं उभी केली. या वेळी काडी मी ताईच्या हातात दिली. ती म्हणाली, "नको, तूच लाव. धुरकटली तर तुझ्या नावावर." लावली. क्षणभर काहीच नाही. मग जाळाने मान वाकवली, आडवा झाला, आणि आतून तो आवाज आला, घोंघाट, लांबून मोठा ट्रक यावा तसा. ताई जमिनीवर बसून चुलीच्या तोंडात डोकावत होती. अलार्मकडे आम्ही सगळे बघत होतो. तो गप्प. पिंपावरचं दूध वर चढलं आणि उतू गेलं, खरपूस वास सुटला. ताईने मान तिरकी केली, अगदी तुझ्यासारखी, आणि म्हणाली, "बाप्याचा हात आहे, पण धूर नाही."

हात बसला म्हणाली नाही. मी वाट पाहिली. ती तेवढंच म्हणाली आणि उठली. पाइप जिथे पहिलं वळण घेतो तिथे ओटा सगळ्यात आधी तापतो आणि सगळ्यात शेवटी निवतो. मी उशी ठेवली आणि म्हटलं, "ताई, इथे बस." ती पाय वर घेऊन बसली, पाठ भिंतीला टेकली. थोड्या वेळाने तिच्या पाठीला ऊब पोहोचली असणार, कारण तिने डोळे मिटले आणि तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. मग दिवसभर तिथून हललीच नाही. चहा तिथे, जेवण तिथे, भाजी निवडणं तिथे. तुझी नात म्हणाली, "आत्याज थ्रोन." कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. हिवाळा संपेपर्यंत ती तिची जागा झाली. आणि मी? मी समोरच्या खुर्चीत. तुला खरं सांगतो, आई, मनापासून दिली होती जागा, पण तिसऱ्याच दिवशी वाटायला लागलं, बांधली मी आणि बसते ही.

ताई मार्चमध्ये परत गेली. जाताना ओट्यावरून हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. कडेला तिच्या अंगठ्याचा एक ठसा राहिला आहे, भेगा मिटवल्या तेव्हाचा. मी वर्षाचा मातीचा हात देताना तेवढा सोडून बाकीचं सारवलं.

हे पत्र पाठवण्यासारखं असतं तरी पाठवलं नसतं. तुला वाचून दाखवायला ताईच बसली असती, आणि माझ्या सगळ्या जळफळाटाच्या मधे तिने पदरच्या चार ओळी घातल्या असत्या, माझा भाऊ किती गुणाचा म्हणून, आणि तू तेवढ्याच लक्षात ठेवल्या असत्यास. पुन्हा थंडी सुरू झाली आहे. ताईचा दर रविवारी फोन येतो. तब्येत, पाणी, आळीतल्या बातम्या झाल्या की हळूच विचारते, "माझ्या जागेवर कोण बसतं रे?" मी म्हणतो, "कुणी नाही. रिकामी ठेवली आहे तुझ्यासाठी." मग ती फोनवर तसंच गालात हसते, मला ऐकू येतं. आई, जागा रिकामी नाही. दुपारी तुझी सून आडवी झाली की मी तिथे बसतो, रोज. हे सगळं तिथेच बसून लिहिलं.